वळवाच्या आधी गटारं तपासा: फौजी तळ, डेपो आणि गॅरेजचं रसायन ओढ्यात जाऊ नये म्हणून

सातारा तालुक्यात फौजी असण्याचं कौतुक कुणाला नाही. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. त्यामुळे मी ईएमईतून (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून) सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, 24 वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, हे सांगितलं तरी इथे कुणी वळून बघत नाही. आल्यावर भावाबरोबर ट्रकचं गॅरेज टाकलं. वॉशिंग रॅम्प बांधला, त्याच्या टोकाला तीन खणांची तेल अडवायची टाकी बांधली आणि फौजेत शिकलेलं सगळं इथे वापरलं म्हणून स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात जोराचा वळीव झाला. चार दिवसांनी ओढ्याकडेचे आबा पाण्याची बाटली घेऊन आले. “सुभेदार, तुमच्या गाड्यांचा वास माझ्या हिरीला यायला लागलाय.” झाकण उघडलं. डिझेल होतं, शंकाच नको.

टाकीचा गाळ काढताना कामावरच्या पोरानं शेवटच्या खणातला चार इंची पाइपाचा एल्बो (खाली वळलेला तुकडा) काढून ठेवला होता, तो परत बसवलाच नव्हता. रॅम्पवर छप्पर नव्हतं. वळवाचं पाणी टाकीत घुसलं आणि वर साठलेलं सगळं तेल उचलून ओढ्यात घेऊन गेलं. ओढ्यालगत मुरूम, खाली फुटका काळा पाषाण. त्या भेगांतून तेल विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. चूक माझीच. पोराची नाही, कारण त्याला तो एल्बो कशासाठी आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी हा विषय धरून बसलो. फौजी तळावरचा एमटी पार्क (गाड्या लावायची जागा), एनसीसीचं युनिट, एसटीचा डेपो, ट्रकचं गॅरेज, जेसीबीवाल्यांचं आवार, सगळीकडे दुखणं एकच: गाड्या, तेल, बॅटऱ्या, रंग, आणि या सगळ्यावर पडणारा पाऊस. तळावर त्यात आग विझवायचा फोम आणि गोळीबाराच्या मैदानातलं शिसं यांची भर पडते. पुढे लिहिलंय ते काम कुठल्या क्रमानं करावं याबद्दल आहे. क्रम बदलला की पैसे वाया जातात. बहुतेक लोक टोकाच्या टाकीपासून सुरुवात करतात, मीही तेच केलं होतं.

आधी पावसात फिरा

नकाशावरचं गटार आणि जमिनीवरचं गटार यांची गाठ क्वचितच पडते. पाऊस चालू असताना छत्री घेऊन आवारात फिरा. पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, कंपाउंडच्या भिंतीतून कुठे बाहेर पडतं, ते कागदावर काढा. तुंबलेलं किंवा झाकलेलं गटार कुठे निघतं हे कळत नसेल, तर मूठभर चुरमुरे टाका आणि बाहेरच्या तोंडाशी माणूस उभा करा. चुरमुरे तरंगतात, दिसतात आणि कुणाचं नुकसान करत नाहीत. रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र ओतू नका; त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शेवटचं तोंड सापडलं की तिथून पुढे ओढ्यानं पाचशे पावलं तरी चालत जा. कुणाची विहीर आहे, जनावरं कुठे पाणी पितात, ते बघा. आमच्याकडचा ओढा वेण्णेला, वेण्णा माहुलीच्या संगमावर कृष्णेला, कराडला कोयना येऊन मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीकर पितात. हे अंतर मनात धरलं की टाकीचा गाळ काढायचा आळस येत नाही.

ओढ्याच्या कडेला पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर लगेच घाबरू नका. काडीनं ढवळा. तवंग काचेसारखा तुटून तुकडे सुटे राहिले तर तो बहुधा लोहजिवाणूंचा, निसर्गाचा. फिरून परत एकत्र आला, तर ते तेल.

कुठला माल कसा वागतो

रसायनांची यादी करा, पण नावांपेक्षा स्वभाव लिहा. डिझेल, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल तरंगतं. म्हणून ते अडवता येतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं द्रव, पाण्यात विरघळतं, कुठल्याही तेलाच्या टाकीत अडकत नाही. शिवाय त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-जनावरं चाटतात आणि मरतात. कूलंट काढायचं ते थेट कॅनमध्येच. शिसं, जस्त, तांबं हे गाळाला चिकटून जातात. गाळ अडवला की त्यांचा मोठा हिस्सा अडतो.

सगळ्यात वाईट ते बुडणारं. ग्रीस काढायला पूर्वी सर्रास वापरायचे ते ट्रायक्लोरोइथिलीनसारखे सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड असतात. ते तळाला बसतात, जमिनीत उतरतात आणि भूजलात वर्षानुवर्षं राहतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कँप लेज्यून या मरीन तळावर 1953 ते 1987 या काळात असलं पाणी सैनिकांच्या घरांतल्या नळांना येत होतं. कारणं होती तळावरचीच गळती आणि शेजारच्या एका ड्राय-क्लीनिंगच्या दुकानातून मुरलेलं सॉल्व्हंट. लाखो लोक ते पाणी प्यायले आणि त्यांच्या दाव्यांसाठी तिथे 2022 मध्ये कायदा करावा लागला. तुमच्याकडे क्लोरिन असलेलं डीग्रीझर (ग्रीस काढायचं रसायन) असेल तर अडवायच्या युक्त्या शोधू नका, ते विकत घेणंच बंद करा. पाण्याचे डीग्रीझर किंवा ट्रेमध्ये ब्रश यावर काम भागतं.

छप्पर, उंबरा आणि बंधारा

माझं ठाम मत आहे: पहिले पैसे पत्र्यावर घाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या उघड्या रॅम्पवर तासाला 50 मिलिमीटरच्या वेगानं वळीव पडला तर मिनिटाला 80 लिटरच्या वर पाणी टाकीत जातं. धुण्याचा पंप मिनिटाला जेमतेम 15 लिटर फेकतो. म्हणजे जी टाकी पंपाच्या हिशोबानं बांधली, तिच्यात पाच पंप एकदम सोडल्यासारखं झालं. माझ्याकडे नेमकं हेच घडलं होतं.

तेव्हा रॅम्प, ऑइल बदलायची जागा, बॅटरी रूम आणि बॅरलचं कोठार या चार जागांवर छप्पर हवंच. पत्र्याचं पाणी पन्हाळीतून वेगळ्या चरात सोडा, ते स्वच्छ आहे, ते घाण पाण्यात मिसळू देऊ नका. रॅम्पच्या चारी बाजूंनी 10 सेंटिमीटर उंचीचा सिमेंटचा उंबरा घाला, दोन्हीकडे उतार असलेला, स्पीडब्रेकरसारखा. गाडी चढते, बाहेरचं पाणी चढत नाही.

बॅरलसाठी बंधारा म्हणजे भोवतीनं बसकी भिंत. नियम सोपा: सगळ्यात मोठ्या भांड्याच्या 110 टक्के पाणी मावलं पाहिजे, आणि भांडी बरीच असतील तर एकूण मालाच्या 25 टक्के, दोन्हींपैकी जे जास्त असेल ते. 200 लिटरचे चार बॅरल असतील तर 220 लिटर. आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, भेग दिसली की त्याच आठवड्यात बुजवा. बंधाऱ्याला निचऱ्याचा वॉल्व्ह ठेवलाच तर तो कायम बंद आणि कुलपात. उघडण्याआधी आतल्या पाण्यावर तवंग आहे का, हे माणसानं डोळ्यांनी बघायचं. कित्येक ठिकाणी बंधारा झकास, बाहेरून चुना-गेरूही मारलेला, आणि वॉल्व्ह मात्र बारा महिने उघडा, कारण ‘पाणी साचतं’.

पाण्याआधी झाडू

सांडलेल्या तेलावर पाणी मारणं ही आपली जुनी खोड. त्यामुळे एक लिटर तेलाचं हजार लिटर घाण पाणी होतं. आधी शोषून घ्या. लाकडाचा भुसा चालतो, भाताचं तूस चालतं. आपल्याकडे उसाचं वाळलेलं चिपाड मुबलक आहे, ते बारीक करून पोत्यात भरून ठेवलं तर उत्तम. पसरायचं, बुटानं दाबायचं, दहा मिनिटांनी झाडून झाकणाच्या डब्यात भरायचं. मात्र तेल प्यालेलं चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवणात टाकायचा मोह आवरा. आता ते घातक कचरा आहे.

बॅटरीचं ॲसिड सांडलं तर त्यावर खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. पण फेस थांबला म्हणजे काम संपलं असं नाही. आम्लपणा गेला तरी त्यातलं शिसं तिथेच असतं, म्हणून तो लगदाही गोळाच करायचा. गटारात ढकलायचा नाही.

तीन खणांची टाकी, नीट बांधलेली

पहिला खण गाळाचा. दुसरा तेलाचा. तिसरा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा. तत्त्व एवढंच, की पाणी इतकं संथ व्हावं की माती खाली बसेल आणि तेल वर येईल. साध्या टाकीत पाणी किमान 45 मिनिटं रेंगाळलं पाहिजे. दोन पंप एकदम चालले तर मिनिटाला 30 लिटर, 45 मिनिटांचे 1,350 लिटर; गाळानं जागा खाल्ली तरी पुरावं म्हणून 2,000 लिटरची बांधा.

खरी जान खणांमधल्या पाइपात आहे. पाणी एका खणातून दुसऱ्यात वरून सांडता कामा नये, ते खालून गेलं पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या खणातून निघणाऱ्या आणि शेवटी बाहेर जाणाऱ्या, अशा दोन्ही पाइपांच्या आतल्या तोंडाला खाली वळलेला तुकडा लागतो, पाण्याच्या पातळीपासून 30 ते 40 सेंटिमीटर खाली जाणारा, पण गाळाच्या वर राहणारा. एल्बोपेक्षा टी, म्हणजे इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा तुकडा, बसवा. तिचं वरचं तोंड उघडं राहिलं की पाइप सायफन होऊन टाकी उपसत नाही आणि वरून गज घालून साफही करता येतो. माझी टी आता सिमेंटमध्ये पक्की केली आहे आणि शेजारी भिंतीवर लाल रंगानं बाण काढलाय.

ही टाकी दोन गोष्टींपुढे हरते. एक पाऊस, तो सांगितला. दुसरा साबण. फेसाळ डिटर्जंट, गरम पाणी आणि जोराचा पंप यांनी तेलाचे इतके बारीक कण होतात की ते वर येतच नाहीत, पाणी दुधासारखं होऊन सरळ बाहेर निघतं. घरच्या घरी तपासा: बाहेर पडणारं पाणी काचेच्या बरणीत घ्या, तासभर हलवू नका. वर तेलाची रेघ आली तर साबण बेतात आहे, फक्त टाकी अपुरी पडतेय. तसंच दुधी राहिलं तर टाकी कितीही मोठी करून उपयोग नाही, साबण बदला. इंजिन धुण्याआधी खरवडून ग्रीस काढलं तर निम्मा साबण लागतच नाही.

देखभालीचं म्हणाल तर माझी रीत अशी: दर शनिवारी काठी बुडवून बघायची. तेलाचा थर 5 सेंटिमीटर झाला की काढायचा, गाळ खोलीच्या चौथाईला आला की उपसायचा, आणि दोन्ही कामं मेच्या पहिल्या आठवड्यात काहीही झालं तरी करायचीच. उपसल्यावर टाकीत साधं पाणी भरल्याशिवाय रॅम्प चालू करू नका. रिकाम्या टाकीत तेल तळातूनच पुढे सटकतं.

वळवाचं पहिलं पाणी

आठ महिने आवारात ठिबकलेलं तेल, टायरची धूळ, ब्रेकची भुकटी वळवाच्या पहिल्या सरीत एकदम धुऊन निघते. उघड्या पार्किंगला छप्पर घालणं परवडत नाही, तिथे पहिले 10 मिलिमीटर पाणी पकडा. 500 चौरस मीटरच्या काँक्रीटवर 10 मिलिमीटर म्हणजे 5,000 लिटर. थोडं मुरतं, सुकतं, ते वजा जाता 4,500 धरा. एवढी जमिनीतली टाकी, आणि ती भरली की पुढचं पाणी आपोआप बाजूनं निघून जाईल असा फाटा. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवस निवळू द्या, वरचं तेल काढा, मग उरलेलं पाणी हळूहळू तीन खणांच्या टाकीतून सोडा. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात असा वळीव वर्षातून मोजून काही वेळा येतो, तेव्हा ही टाकी तिथे फार उपयोगी. महाबळेश्वरच्या बाजूला मात्र पहिल्या आठवड्यानंतर ती फक्त भरलेलीच दिसेल.

फोम

यावर थोडं थांबतो, कारण इथे वरचं सगळं शहाणपण निरुपयोगी ठरतं. तेलाची आग विझवायला एएफएफएफ नावाचा फोम वापरतात. अमेरिकी नौदलानं 1960 च्या दशकात तो विकसित केला आणि जगभरच्या विमानतळांवर, तळांवर, रिफायनऱ्यांत तो पोचला. त्यात पीएफएएस गटातली फ्लोरिनची रसायनं असतात. ती निसर्गात जवळपास मोडत नाहीत, पाण्याबरोबर वाहत राहतात. तेलाच्या टाकीत अडकत नाहीतच, उलट फोममुळे टाकीतलं तेलही सुटून बाहेर जातं. न मोडणाऱ्या घातक रसायनांना लगाम घालणाऱ्या स्टॉकहोम करारात याच गटातलं पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये आलं. अमेरिकेनं एप्रिल 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात या दोन्हींची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. हिशोब करून बघा, एक ग्रॅम रसायन 25 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतं. हवाईतल्या रेड हिल या नौदलाच्या इंधनसाठ्यावर 2021 मध्ये विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात गेलं, आणि पुढच्याच वर्षी तिथेच फोमचा माल सांडला.

करायचं काय? कॅनवरचं लेबल आणि सोबतचं सुरक्षापत्रक वाचा. ‘फ्लोरो’ शब्द दिसला की तो कॅन वेगळा काढा. पुढची खरेदी फ्लोरिनमुक्त फोमची. सरावाला साधं पाणी किंवा सरावासाठीचा फ्लोरिनमुक्त फोम, खरा एएफएफएफ कधीच नाही. मुदत संपलेला माल मैदानात मारून ‘सरावात वापरला’ म्हणून वहीत लिहिणं बंद. अग्निशामक गाडीची टाकी नुसती विसळून नवा फोम भरू नका. भिंतींना चिकटलेलं जुनं रसायन नव्यात उतरतं, आणि विसळलेलं पाणीही गोळा करावं लागतं. पाण्यातून पीएफएएस काढायला दाणेदार सक्रिय कोळसा, आयन बदलणारी रेझिन किंवा आरओ लागतो, आणि काढल्यावर तो कोळसा किंवा आरओचं उरलेलं पाणी हाच नवा कचरा होतो. म्हणून मी म्हणतो, हा माल सांडू न देणं हाच स्वस्त उपाय.

गोळीबाराचं मैदान

छोट्या रेंजवरही बटमध्ये, म्हणजे निशाणामागच्या मातीच्या ढिगात, वर्षानुवर्षं शिसं साठतं. आम्लधर्मी पाणी शिसं विरघळवतं, म्हणून मातीचा सामू (पीएच) 6.5 ते 8.5 मध्ये ठेवा, कमी असेल तर चुनखडीची पूड मिसळा. बटच्या डोक्यावरून पाणी उतरू देऊ नका, मागून चर काढून वळवा. उतारावर हरळी धरू द्या. पावसाळ्याआधी माती चाळून शिसं काढा, मास्क आणि हातमोजे घालून, आणि ती माती शेतात भरावाला कुणालाही देऊ नका.

नमुना आणि कागद

पाणी तपासायचं तर बाटलीच चुकवू नका. तेल-ग्रीससाठी काचेची, कारण तेल प्लास्टिकला चिकटतं. आणि ती थेट धारेखाली धरायची, बादलीतून ओतायचं नाही. पीएफएएससाठी उलट, प्लास्टिकची, आणि टेफ्लॉनचं काहीही जवळ नको, कारण तेही फ्लोरिनचंच. नमुना टिकवायला कोणत्या बाटलीत कोणतं ॲसिड घालायचं, हे प्रयोगशाळेला आधी विचारा. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा अशी: तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅम, तरंगता गाळ 100, सीओडी (पाण्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) 250, शिसं 0.1, सामू 5.5 ते 9.

वापरलेलं काळं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. 90 दिवसांच्या वर साठवायचं नाही, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं, पावती ठेवायची. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागणारे येतात, वाळवीसाठी खांबांना चोपडायला मागणारे येतात, ओळखीचे असतात, नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणायचं. शंका असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही.

रात्री बॅरल कलंडला तर

आधी विडी-सिगारेट आणि मोटारीची बटणं बंद. मग गळती थांबवायची: बॅरल उभा करा, भोक वर येईल असा फिरवा. त्यानंतर गटाराचं तोंड. वाळूची पोती गटाराच्या शेवटच्या तोंडाशी हवीत, कोठारात नव्हे. धावपळीत पोतं घेऊन दोनशे मीटर कुणी पळत नाही. तेल बाहेर गेलंच तर ओढ्याकाठच्या माणसांना त्याच रात्री फोन करा आणि विहिरीवरची मोटार बंद ठेवायला सांगा. मोटार चालू राहिली तर विहीर आजूबाजूचं पाणी ओढते, आणि तेलही.

आबांच्या विहिरीचं मी असंच उशिरा केलं. वरचं तेल सोकपॅडनं (तेल शोषणाऱ्या गादीनं) काढलं, ओढ्याकडेचा भिजलेला मुरूम उकरून ताडपत्रीत भरला, पिण्याचं पाणी टँकरनं पुरवलं, आणि प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावरच मोटार लावू दिली. आता आमच्या गटाराच्या तोंडाशी सहा पोती आहेत, त्यांच्या शेजारी पाटीवर आबांचा फोन नंबर लिहिलाय, आणि रात्रपाळीच्या वॉचमनला तो पाठ आहे.